पैसा पुरतो, तरी हात थांबत नाहीत: सोलापुरातल्या कडक भाकरीच्या एका उद्योगाचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकणाऱ्या एका घरगुती उद्योगाचं आहे. मालकीणबाई ६६ वर्षांच्या. कामावरच्या बायका त्यांना अक्का म्हणतात, म्हणून इथेही अक्काच म्हणते. ओळख पटू नये म्हणून पेठ, काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. एकमेकींशी त्यांचं प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे, कारण या प्रकरणात हिशेब महत्त्वाचा आहे.

मी कुटुंबांचं आर्थिक नियोजन करते. जून २०२४ मध्ये अक्कांचा मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "आईकडे पुरेसे पैसे आहेत, हे तुम्ही तिला समजावून सांगा. म्हणजे ती थांबेल." अक्कांशी पहिल्यांदा बोलले तेव्हाच कळलं की पैसे पुरेसे आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मुलाने ज्या गोष्टीला उत्तर समजलं होतं, तो त्यांचा प्रश्नच नव्हता. हाताशी सगळं असताना माणूस काम का सोडत नाही, याचं उत्तर पासबुकात शोधायची आपल्याला सवय आहे. या घरात ते कुठे सापडलं आणि त्यावरून काय ठरलं, ते सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं इथली घरं भोंग्यावर उठली आणि निजली. नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगार यंत्रमागावर गेले, कुणी रिक्षा घेतली, बायका घरी विड्या वळू लागल्या. अक्कांचे यजमान अशाच एका गिरणीत होते. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा दोन्ही मुलं शाळेत होती आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकली. त्या काळात अक्कांनी शेजारच्या खाणावळीला रोज ५० भाकरी द्यायला सुरुवात केली. पुढे भाकरी कडक करून पुडे बांधले, सोबत चटणी आली. नव्या पेठेतली दुकानं, एसटी स्टँडजवळचे स्टॉल, पुण्याला जाणारे पार्सल असा पसारा वाढत गेला. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्या कितीतरी पिशव्यांत त्यांचा पुडा असतो.

२०२४ मध्ये त्यांच्याकडे ११ बायका होत्या. रोज हजार-बाराशे भाकरी आणि तीसेक किलो चटणी व्हायची. भाकरीचा मोबदला शेकड्यावर. ज्वारी मालदांडी, बहुतेक मंगळवेढ्याकडची. शेंगदाणा मार्केट यार्डातून, तोही अक्कांनी स्वतः दाताखाली धरून पाहिलेला. सगळा खर्च वजा जाता महिन्याला सुमारे ६५ हजार रुपये उरत.

यजमान २०१५ मध्ये गेले. मुलगा पुण्यात आयटीत, खराडीला स्वतःचा फ्लॅट. मुलगी सोलापुरातच, जुळे सोलापूरला दिलेली, बीकॉम झालेली. काही वर्षं तिने एका पतसंस्थेत काम केलं, मुलांच्या शाळेसाठी सोडलं. तिचा उल्लेख मुलाच्या पहिल्या तासाभराच्या बोलण्यात एकदाही आला नाही. हे मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवलं.

पैशाचा हिशेब

हा भाग लवकर संपतो, कारण इथे वाद नव्हता. राहतं घर स्वतःचं. घरखर्च, औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता, सणवार, देणंघेणं धरून महिन्याला ३० हजार. दोन गाळ्यांचं भाडं १८ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके म्हणजे ३० लाख. त्या वेळच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. भाडं आणि हे व्याज मिळून ३८,५०० होतात. याशिवाय मुदत ठेवी २२ लाख, म्युच्युअल फंड १४ लाख.

मुलाने २५ पटीचा नियम आणला होता. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट गंगाजळी असली की काम सोडायला हरकत नाही, असा तो नियम. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून वर्षाला सुमारे ४ टक्के काढण्याचं गणित मांडलं, त्यातून तो रूढ झाला. आपल्याकडची महागाई वेगळी, बाजार वेगळा, म्हणून मी तो जसाच्या तसा लावत नाही. पण अंदाजाला चालतो. अक्कांचा वर्षाचा खर्च ३ लाख ६० हजार, त्यातले २ लाख १६ हजार भाड्यातून येतात. उरले १ लाख ४४ हजार. त्याच्या २५ पट म्हणजे ३६ लाख. अक्कांकडे ६६ लाख होते. खरी जोखीम एकच: बचत योजनेचं व्याज वाढत नाही आणि ६ टक्के महागाई धरली तर ३० हजारांचा खर्च बारा वर्षांत ६० हजारांवर जातो. त्यासाठी ठेवी आणि फंड हात न लावता वाढू द्यायचे होते. तेवढी शिस्त या घरात आधीपासून होती.

मुलगा स्वतः पंचेचाळिशीत नोकरी सोडायचं ठरवून बसला होता. काम म्हणजे लवकरात लवकर सुटका करून घ्यायची गोष्ट, हे त्याच्या नोकरीतल्या अनुभवावरून त्याचं पक्कं मत झालं होतं. तेच माप तो आईला लावत होता, आणि प्रेमापोटीच लावत होता.

प्रश्न कशावरून उभा राहिला

मे २०२४ मध्ये, पारा ४२-४३ वर असताना, अक्का सकाळी भट्टीजवळ चक्कर येऊन पडल्या. सोडियम उतरलं होतं, रक्तदाब खाली आला होता. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. गुडघे आधीच गेलेले. डॉक्टरांनी उष्णतेपासून लांब राहायला आणि पहाटे चारला उठणं बंद करायला सांगितलं. मुलगा रात्रीतून आला आणि दवाखान्यातच म्हणाला, "आई, आता बस्स. भट्टी बंद कर आणि पुण्याला चल."

पेठेत वेगळीच चर्चा. "दोन गाळे, एवढी ठेव, तरी हाव सुटत नाही" असं एका नातेवाइकाने माझ्यासमोर बोलून दाखवलं. हे मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. अक्कांनी सहा वर्षांत भाकरीच्या पुड्याचा भाव दोनदाच वाढवला होता. हाव असलेलं माणूस असं वागत नाही. ज्यांच्याकडे पुरेसं आहे त्यांनी काम केलं की ती हाव, आणि बसून राहिले की समाधान, असा सोपा निवाडा देऊन आपण अशा माणसांचं ऐकूनच घेत नाही.

अक्कांचं ऐकायला तीन बैठका लागल्या. एकाच गोष्टीमागे चार वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली भीती. गिरणीची नोकरी पक्की समजली जायची आणि ती एका दिवसात गेली. देणी कागदावर होती, हातात येत नव्हती. तेव्हापासून कागदावरच्या रकमेवर त्यांचा विश्वास कमी आणि पेटलेल्या चुलीवर जास्त. बसून खाल्लं तर डोंगरही सरतो, ही म्हण त्या सहज वापरतात आणि त्यांच्या बाबतीत तो अनुभव आहे. ३८,५०० ही बेरीज त्यांना तोंडपाठ होती. पण तिचा त्यांच्या झोपेशी काही संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. बँकेतला पैसा मुलगा बघतो, मोबाइलवर त्याच्याकडेच सगळं दिसतं. गल्ल्यातला पैसा त्यांचा. नातीच्या कानातलं, कामावरच्या एकीच्या मुलाची फी, पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीला पिठलं-भाकरी, यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. "मुलगा नाही म्हणणार नाही, माहीत आहे मला. पण मागावं लागेल की." त्यांच्या पिढीतल्या किती बायकांच्या हातात स्वतः मिळवलेला आणि स्वतः मोडायचा पैसा आला, याचा विचार केला की या वाक्याचं वजन कळतं.

तिसरी गोष्ट पुढे पुण्याच्या मुक्कामात कळली, तिथे सांगते.

चौथी त्या ११ बायका. त्यांतल्या आठजणी पाच वर्षांहून जुन्या, थोरली कारागीर १९ वर्षं. दोघींच्या घरात हीच एक मिळकत.

समोर आलेले पर्याय

*पूर्ण बंद करणं.* मुलाचा पहिला आग्रह हाच. इथे मी एक कायद्याची बाब समोर ठेवली, जी घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. दहा किंवा जास्त माणसं असतील तर त्या वेळी ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा लागायचा, आणि नगावर काम करणाऱ्यांनाही लागायचा. त्यांच्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईवरून रोजची सरासरी काढायचे. थोरल्या कारागिरीची सरासरी ३५० रुपये. पंधरा दिवसांचे ५,२५० गुणिले १९ वर्षं, म्हणजे ९९,७५०. पाच वर्षांहून जुन्या आठही जणींचे मिळून सुमारे ५ लाख ४० हजार. मुलाला धक्का बसला. अक्का मात्र म्हणाल्या, "द्यायलाच पाहिजेत. आमच्या यांचे बुडाले तेव्हा काय झालं ते मी बघितलंय."

*पुण्याला राहून फोनवर चालवणं.* हा पर्याय करून बघितला. जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे अक्का खराडीला राहिल्या. सून चांगली, नातवंडं आजीच्या मागे. कुणी काही कमी केलं नाही. परत आल्यावर त्या जे बोलल्या ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे: "तिथं मला जेवलात का आणि गोळी घेतली का, एवढंच विचारतात. इथं सकाळपासून अकराजणी विचारतात, अक्का, कुठलं पोतं फोडू, मीठ बघा, ही भाकरी चालेल का." माणसाला सांभाळलं जाणं आणि त्याला काही विचारलं जाणं यांत केवढं अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळलं. तिसरी गोष्ट ही. इकडे त्या सहा आठवड्यांत भाकरी जाड होऊ लागली आणि दोन दुकानांनी माल परत पाठवला.

*नाव आणि कृती विकणं.* सप्टेंबरमध्ये पुण्याच्या एका खाद्यपदार्थ व्यापाऱ्याने नाव, लेबल आणि चटणीची कृती यांसाठी १२ लाख देऊ केले. रक्कम लहान नव्हती. मुलाला पटलं. भाकरी यंत्रावर करायची होती, म्हणजे इथल्या बायकांचा प्रश्न निकालात. अक्कांनी दोन दिवस मागून घेतले आणि नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, त्यांना चटणीत साखर हवी आहे.

मुलाला ते कारण पोरकट वाटलं. मला नाही वाटलं. तीस वर्षं एका चवीखाली आपलं नाव छापलेलं असताना त्या नावाखाली दुसरी चव जाणं, हे त्यांच्या दृष्टीने स्वतः तसं करण्यासारखंच होतं. आणि एक व्यवहाराची बाजूही होती. करारात पुढच्या पाच वर्षांत अक्कांनी 'लागेल तेव्हा मार्गदर्शन' करायचं कलम होतं. म्हणजे अधिकार जाणार आणि काम राहणार. असं कलम दिसलं की मी सही करू नका म्हणते.

*आहे तसंच चालू ठेवणं.* अक्कांचा स्वतःचा कल इकडे. पण मे महिना पुन्हा येणार होता.

जिथे गाडं वळलं

विक्रीचा विषय संपल्यावर आई-मुलात अबोला धरल्यासारखं झालं. तेव्हा मी 'काम' हा शब्द आठवडाभर बाजूला ठेवायला सांगितलं. अक्का दिवसभरात हाताने, तोंडाने जे जे करतात ते मुलीने वहीत लिहायचं ठरलं. यादी झाली ती अशी काहीशी: पहाटे कुलूप काढणं, भट्टी पेटवणं, पीठ उकडीला टाकणं, पहिल्या शंभर भाकरी स्वतः थापणं, प्रत्येक थप्पीतली एक वाजवून बघणं, दाणा भाजताना उभं राहणं, चटणीचं मीठ-तिखट, पुडे मोजणं, दुकानांना फोन, उधारी मागणं, यार्डातून खरेदी, नवीन बाई ठेवणं, भांडणं मिटवणं, पगार वाटणं, संध्याकाळचा हिशेब.

मग प्रत्येक कामावर अक्कांनी एक खूण करायची: हे सोडवणार नाही, हे कुणीही करावं, हे मला मुळातच नको.

तिसऱ्या रांगेत त्यांनी सर्वांत आधी उधारी घातली. "लोकांच्या दारात पैशासाठी उभं राहायचं मला कधीच आवडलं नाही." पहाटे चारचं कुलूपसुद्धा तिथेच गेलं. सोडवणार नाही या रांगेत चारच कामं उरली: शेंगदाण्याची खरेदी, चटणीची चव, भाकरीची पारख आणि नवीन बाई ठेवणं. या चारांपैकी एकही काम भट्टीपाशी होत नाही आणि एकही सकाळी नऊच्या आधी करावं लागत नाही.

मुलगा यादी बघत बराच वेळ गप्प बसला. "म्हणजे तिला जे सोडायचं नाही, त्याने ती आजारी पडलीच नव्हती," असं तो म्हणाला. चालू की बंद, या दोनच शब्दांत चार महिने अडकलेली चर्चा तिथे सुटली.

त्याच बैठकीत मुलीला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुला यात पडायचं आहे का. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही दादालाच विचारणार." अक्का चपापल्या. दिलेल्या मुलीला माहेरच्या धंद्यात कसं ओढायचं, हा संकोच त्यांनी इतकी वर्षं बाळगला होता, आणि मुलगी अडीच किलोमीटरवर बसून कुणी विचारेल याची वाट बघत होती.

प्रत्यक्ष काय केलं

१२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याला नवी वही घातली. एकल मालकीचा धंदा मालकापासून वेगळा नसतो. मालक गेला की परवाने, खाती, सगळं अडतं. म्हणून १९३२ च्या कायद्याखाली अक्का आणि मुलगी यांची भागीदारी केली. फर्मचा नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक, अन्न परवाना नव्याने, जुन्या क्रमांकावरची कराची शिल्लक वजावट आयटीसी-०२ अर्जाने नव्याकडे वळवली. नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला. कृतीला ट्रेडमार्क मिळत नाही, ती जपावी लागते.

थोरल्या कारागिरीलाही भागीदार करावं अशी अक्कांची इच्छा होती. मी विरोध केला. साध्या भागीदारीत प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद असते. उद्या देणं थकलं तर तिच्या घरकुलापर्यंत येणं पोचू शकलं असतं. त्याऐवजी तिला महिना १४ हजार ठरावीक पगार, नफ्यावर ८ टक्के आणि पहाटेच्या पाळीची पूर्ण जबाबदारी, असं लेखी दिलं. बाकीच्या बायकांची जुनी सेवा नव्या फर्मने लिहून मान्य केली आणि ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला काढली.

उधारी बंद झाली. रोख किंवा आठवड्याचा हिशेब. फोन आणि वसुली मुलीकडे.

कृती लिहून काढायचा दिवस मला आठवतो. अक्कांचं माप मुठीचं. मुलीने काट्यावर परात ठेवली आणि त्यांना लसूण टाकायला सांगितलं. पहिली मूठ ६२ ग्रॅम, दुसरी ६३, तिसरी पुन्हा ६२. थोरल्या कारागिरीची मूठ ७५ च्या पुढे जायची. अक्का नसताना चटणी उग्र का लागते, ते तिथे समजलं. भाकरीची पारख मात्र काट्यावर येईना. अक्का थप्पीतून एक उचलतात, कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारतात. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आत ओल आहे, चार दिवसांत वास धरणार, पुन्हा निखाऱ्याच्या धगीला उभी करायची. मुलगी आणि थोरली दोघी डोळे मिटून हे ऐकायला शिकल्या.

अक्कांनी स्वतःसाठी एकच अट घातली: महिन्याला १५ हजार रोख माझ्या हातात. हिशेबाने गरज नव्हती. तरी ती रक्कम करारात पहिल्या कलमांत घातली, आणि मला ती या सगळ्या आखणीतली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते.

मृत्युपत्रही याच वेळी झालं. धंद्यातला हिस्सा मुलीला, त्या प्रमाणात ठेवींतला जास्त भाग मुलाला, घर दोघांचं. दोन साक्षीदार, आणि सक्ती नसली तरी नोंदणी. मुलाने मसुदा आधी वाचला होता, त्यामुळे पुढे कटुता आली नाही.

शेवटचं काम सर्वांत साधं. भट्टीच्या पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, दोन एक्झॉस्ट पंखे लावले, मीठ-साखरेच्या पाण्याची कळशी ठेवली. एकूण खर्च ३० हजारांच्या आत. हे सुचवलं थोरल्या कारागिरीने. मे महिन्यात पडल्या त्या एकट्या अक्का, पण त्या पत्र्याखाली बाराजणी तापत होत्या. घरातल्या प्रत्येक चर्चेत अक्कांना तिथून बाहेर कसं काढायचं एवढंच बोललं गेलं, माझ्या टेबलावरही.

काय झालं

पहिल्या तीन महिन्यांत विक्री साधारण पाचव्या हिश्शाने उतरली. उधारीवर चालणारी दोन दुकानं सुटली. क्यूआर कोड बदलला तरी जुने गिऱ्हाईक जुन्यावरच पैसे पाठवत राहिले. ते अक्कांच्या खात्यात जायचे आणि हिशेब जुळायचा नाही. एका बाईने थोरलीच्या हाताखाली काम करायचं नाकारलं आणि सोडून गेली. तिची ग्रॅच्युइटी तिला आठवड्याच्या आत दिली. ती बातमी पेठेत फिरली आणि नवीन बाई मिळायला अजिबात त्रास झाला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची मागणी वाढली आणि अक्का पुन्हा पहाटे चारला भट्टीवर. सलग काही दिवस. थोरली शेवटी म्हणाली, "अक्का, तुमीच येणार असाल तर मला कशाला नेमलं?" ती रडत होती. अक्कांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नऊला आल्या आणि पुडे बांधायला बसल्या. मुलाने, डॉक्टरांनी, मी जे सांगून झालं नव्हतं ते तिच्या एका प्रश्नाने झालं, कारण त्यात दुसऱ्याच्या हक्काचा मुद्दा होता.

जून २०२५ पर्यंत विक्री पूर्वपदावर आली. थोरलीचा पगार आणि टक्केवारी गेल्यावर उरतात ५२ हजार, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी. त्यातले १५ हजार अक्कांचे, राहिलेल्याची दोघींत वाटणी. मे महिना विनात्रास गेला. गुडघे होते तसेच आहेत. अक्का साडेनऊला येतात, एकला घरी जातात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस पुण्याला. आता जाताना चटणीचा डबा आणि परतीचं तिकीट दोन्ही घेऊन जातात, आणि सून सांगते की हे मुक्काम आनंदाचे होतात.

मुलगा पूर्ण समाधानी नाही. आईने या वयात कुठलीच जबाबदारी घेऊ नये, असं त्याला अजून वाटतं. त्याच्या वाटण्यात खोट नाही. तीस वर्षं आईला पहाटे उठताना त्याने पाहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

हा विषय आजारपणानंतर निघाला, हे सर्वांत महाग पडलं. दवाखान्यातल्या खाटेवर निघालेली निवृत्ती ही शिक्षेसारखी वाटते, आणि माणूस शिक्षा झटकून टाकतो. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी आणि केंद्र सरकारी नोकरीत ६० व्या वर्षी तारीख ठरलेली असते. धंद्यात अशी तारीख नसते, म्हणून घरातल्यांनी साठीच्या आसपास कामांची यादी एकदा तरी करून बघायला हवी होती. तेव्हा घाई नसते आणि माणूस खरं बोलतो.

पुण्याचा मुक्काम परीक्षा म्हणून ठेवायला नको होता. 'जमतंय का बघू' म्हणून गेलेल्या माणसाचं अर्धं लक्ष न जमण्याकडेच असतं. साधं नातवंडांकडे राहायला बोलावलं असतं तर तिसरी गोष्ट कदाचित इतकी टोकाला गेली नसती. पण मग ती कळलीही नसती, हेही तितकंच खरं.

मुलीला पहिल्या बैठकीत बोलवायला हवं होतं. थोरल्या कारागिरीलाही. कारागिरीला जबाबदारी दिली तेव्हाच खर्चाचा अधिकारही द्यायला हवा होता. सुरुवातीचे तीन महिने पीठ संपलं तरी ती अक्कांना फोन करून विचारायची, आणि त्या फोनमुळेच अक्का पहाटे जाग्या व्हायच्या. आता तिला पाच हजारांपर्यंत स्वतः खर्च करता येतो आणि तो फोन बंद झाला आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो खरेदीचा. मुठीचं वजन झालं, टिचकीचा आवाज शिकून झाला, पण यार्डात पोत्यात हात घालून कोणता दाणा तेल सोडेल आणि कोणता कडवट निघेल हे अक्काच सांगू शकतात. मुलगी त्यांच्याबरोबर जाते, पण बोट अक्काच ठेवतात. या दिवाळीच्या सुमाराला नवीन खरिपाचा दाणा येईल तेव्हा अर्धी पोती मुलीने एकटीने घ्यायची आणि चटणी होईपर्यंत अक्कांनी त्यावर बोलायचं नाही, असं तिघींच्या बैठकीत ठरलं आहे. दाणा चुकला तर पोत्यामागे काही हजारांचा फटका बसेल. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात 'शिकण्याचा खर्च' म्हणून २० हजार त्यासाठी आधीच धरले आहेत.